बेनेट गेले, कोलमन बुडाले

वाचक विचारतात

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्याकडे तीन पिढ्या टाइम्स ऑफ इंडिया येतो. आजोबा त्याला 'साहेबाचा पेपर' म्हणायचे, वडील 'दालमियाचा' म्हणायचे आणि मला तो जैनांचा म्हणून ठाऊक आहे. पण शेवटच्या पानाच्या तळाशी अजूनही 'बेनेट, कोलमन अँड कंपनी' हेच छापलेलं असतं. हे बेनेट आणि कोलमन कोण? कंपनीत त्यांचं कुणी आहे का अजून?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शेवटच्या पानाच्या तळाची ओळ वाचणारं कुणी भेटलं की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. एका मराठी दैनिकात मुद्रितशोधनाच्या टेबलावर माझी ३१ वर्षं गेली. बातमीत काना-मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी वाचकांची पत्रं यायची. तळच्या त्या ओळीत चुकलं तर एकही पत्र यायचं नाही, पण व्यवस्थापक स्वतः जिना उतरून खाली यायचे. तेव्हापासून कुठलाही पेपर हातात आला की मी तो आधी उलटा करते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. फ्रँक मॉरिस कोलमन ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात बुडाले. 'पर्शिया' ही पी अँड ओ कंपनीची बोट विलायतेहून मुंबईला येत होती. क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला आणि बघता बघता बोट गेली, तीनशेवर माणसं घेऊन. (नागपूरकर वाचकांसाठी : मध्य प्रांतातल्या जातीजमातींची मोठी नोंद करणारे सनदी अधिकारी आर. व्ही. रसेल याच बोटीवर होते. तेही वाचले नाहीत.) थॉमस बेनेट विलायतेत परतून पार्लमेंटात निवडून गेले आणि १९२५ मध्ये वारले. म्हणजे गेली शंभर वर्षं मुंबई रोज सकाळी जी दोन नावं घरात घेते, ती दोन्ही कैलासवासी माणसांची आहेत.

आणि गंमत अशी की पेपर यांनीही काढलेला नव्हता.

३ नोव्हेंबर १८३८ ला 'बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स' या लांबलचक नावाचा पहिला अंक निघाला. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' त्याच्या सहा वर्षं आधीचं आणि गुजराती 'मुंबई समाचार' सोळा वर्षं आधीचा. तेव्हा टाइम्सला 'बोरीबंदरची म्हातारी' म्हणतात ते ठीक, पण शहरात तिच्याहून वडील मंडळी होती आणि 'समाचार' तर अजून फोर्टात नांदतो आहे. नव्या पेपरमागे होते मुंबईचे व्यापारी. नावातलं 'कॉमर्स' उगाच नव्हतं. कुठलं गलबत आलं, कुठलं सुटलं, कापसाचा भाव काय, विलायतेच्या टपालात काय आलं, हे त्यांना हवं होतं. अंक बुधवारी आणि शनिवारी निघायचा. तो रोजचा झाला १८५० मध्ये.

यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग १८५७ चा. तेव्हा संपादक होते डॉ. जॉर्ज ब्यूस्ट, स्कॉटलंडचे. माणूस विद्वान. भूगर्भशास्त्र, हवामान, वनस्पती, सगळ्यात गती. कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्यांनी सांभाळलेलं. असा माणूस उठावाच्या बातम्या येऊ लागल्यावर हिंदी लोकांवर सूड घ्या असं लिहू लागला. आणि पेपरचे भाग होते कुणाकडे? इंग्रजांबरोबरच पारशी आणि इतर हिंदी भागधारकांकडेही. त्यांनी सभा बोलावली आणि संपादकांना सूर बदला म्हणून सांगितलं. ब्यूस्टनी ऐकलं नाही. मग भागधारकांनी त्यांनाच बदललं आणि रॉबर्ट नाइट यांना बसवलं.

साल लक्षात घ्या. दिल्ली-कानपूरला तोफा चालल्या आहेत, मुंबईतही संशयाचं वातावरण आहे, आणि फोर्टातल्या एका खोलीत हिंदी माणसं गोऱ्या संपादकाला भागांच्या जोरावर घरी पाठवताहेत. पुढची नव्वद वर्षं हा पेपर 'साहेबाचा' म्हणून ओळखला गेला, तुमचे आजोबा चुकले नाहीत. पण मालकीचा हिशेब त्याहून गुंतागुंतीचा होता, आणि तो सुरुवातीपासूनच.

ब्यूस्टनी चिडून 'बॉम्बे स्टँडर्ड' नावाचा स्वतःचा पेपर काढला. थोड्याच काळात तो नाइटच्याच पेपरात विलीन झाला. नाइट मूळचे धंद्यासाठी मुंबईत आलेले, पण लेखणी धारदार. दख्खनातल्या इनामदारांच्या मागे लागलेल्या इनाम कमिशनवर त्यांनी असे कोरडे ओढले की सरकारला ते गोरे आहेत की काळे असा प्रश्न पडावा. मात्र व्यवहारही चोख. ज्या हिंदी भागधारकांमुळे खुर्ची मिळाली त्यांचे भाग १८६० मध्ये त्यांनी विकत घेतले. १८६१ मध्ये 'टेलिग्राफ अँड कुरियर'ही आत ओढला आणि पाटी बदलली : टाइम्स ऑफ इंडिया. शहराचं नाव जाऊन देशाचं आलं, छपाई मात्र मुंबईतच. पुढे नाइटही बाहेर पडले आणि १८७५ मध्ये कलकत्त्याला त्यांनी 'स्टेट्समन' काढला.

मधली वर्षं सोडून देते, कारण तुमचे बेनेट-कोलमन येतात १८९२ मध्ये. बेनेट हे प्रतिस्पर्धी 'बॉम्बे गॅझेट'मध्ये घडलेले पत्रकार आणि कोलमन छपाईचे जाणकार. एकाने लिहायचं, एकाने छापायचं. माझ्या मते ही पेपरची सगळ्यात चांगली भागीदारी. मी टेबलावरची बाई असल्यामुळे माझं मत एकांगी समजा.

त्यांच्याच काळात, १८९७ मध्ये, 'जस्टिस' या टोपणनावाने या पेपरात आलेल्या पत्राने 'केसरी'तल्या लेखनाकडे बोट दाखवलं. पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा. आमच्या आजीच्या माहेरी, सदाशिव पेठेत, या पेपरला दारात जागा नव्हती ती त्यापायी. १९०७ मध्ये स्टॅनली रीड संपादक झाले आणि चार आण्यांचा अंक एक आण्याला आला. चार आणे साहेबाला परवडायचे, एक आणा फोर्टातल्या हिंदी कारकुनालाही परवडू लागला. तरी धोरण साहेबाचंच, म्हणून १९१३ मध्ये फिरोजशहा मेहतांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' काढला.

आता तुमच्या वडिलांचा काळ. १९४६ मध्ये साहेबाला निघायची घाई झाली होती आणि रामकृष्ण दालमियांनी कंपनी घेतली, सुमारे दोन कोटी रुपयांना. माझे वडील फोर्टात एका विमा कचेरीत कारकून होते. रोज संध्याकाळी मला टाइम्सचा अग्रलेख मोठ्याने वाचायला लावायचे. इंग्रजी सुधारावं म्हणून. एक दिवस मी कंटाळून विचारलं, हा पेपर आपला तरी आहे का? ते म्हणाले, "आपलाच समज. हप्ते लोकांनीच भरलेत."

त्यांचा टोमणा मला फार उशिरा कळला. दालमियांकडे बँक होती आणि भारत इन्शुरन्स ही विमा कंपनीही होती. तिथला पैसा फिरवून खरेद्या केल्याचा आरोप झाला. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हा विषय असा मांडला की पुढच्याच महिन्यात सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला आणि १९५६ मध्येच एलआयसी उभी राहिली. दालमिया-जैन कंपन्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर. दालमिया आयोगाविरुद्धच सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८ चा तो निकाल कायद्याची मुलं अजून घोकतात. तेंडोलकरांच्या पश्चात काम आलं व्हिव्हियन बोस यांच्याकडे, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. दरम्यान भारत इन्शुरन्सच्या दोन कोटींहून जास्त रकमेच्या अपहाराच्या खटल्यात दालमियांना दोन वर्षांची शिक्षा झाली. विमा कचेरीतल्या कारकुनांनी हा खटला क्रिकेटच्या कॉमेंटरीसारखा ऐकला, असं वडील सांगायचे.

पेपर गेला जावयाकडे, साहू शांतिप्रसाद जैनांकडे. दालमियांची मुलगी रमा ही त्यांची पत्नी. याच दांपत्याचं भारतीय ज्ञानपीठ. खांडेकर, कुसुमाग्रज, करंदीकर, नेमाडे यांना जो पुरस्कार मिळाला तो या घरातून सुरू झालेला. १८ जून १९६२ ला याच कंपनीने 'महाराष्ट्र टाइम्स' काढला. राज्य दोन वर्षांचं होतं आणि द्वा. भ. कर्णिक पहिले संपादक. ज्या पेपरला सदाशिव पेठेत दार बंद होतं त्याच्या घरात मराठी पेपर निघाला, तोवर आजी राहिली नव्हती.

---

प्रश्न : मधल्या काळात टाइम्स सरकारच्या ताब्यात होता असं ऐकलं. मग तेव्हा तो सरकारची तळी उचलत असेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताब्यात 'घेतला' म्हणणं थोडं ढोबळ होईल. कारभाराबद्दलच्या तक्रारींवरून केंद्र सरकार न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्ट १९६९ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने जुनं संचालक मंडळ गेलं, नवं आलं. त्यात सरकारचा शब्द चालत होता हे खरं. भाग जैनांचे, खुर्च्या दुसऱ्यांच्या, अशी सात वर्षं गेली.

तळी उचलण्याबद्दल मात्र दोन गोष्टी सांगते, मग तुम्हीच ठरवा.

पहिली १९७२ ची. वृत्तपत्री कागद परदेशातून यायचा आणि सरकार कोटा ठरवायचं. त्या वर्षीच्या धोरणात दहा पानांची मर्यादा घातली. कोटा तुमचा असला तरी पानं वाढवायची नाहीत. याविरुद्ध कोण गेलं? बेनेट, कोलमन अँड कंपनी. सरकारच्या अर्जामुळे ज्या कंपनीचं मंडळ बदललं तीच कंपनी सरकारला कोर्टात घेऊन गेली, आणि ३० ऑक्टोबर १९७२ ला चार विरुद्ध एक मतांनी जिंकली.

तुम्ही पुण्याचे म्हणून मुद्दाम सांगते, या विजयाला आधार तुमच्या 'सकाळ'चा होता. १९६० मध्ये सरकारने किती पानांना किती किंमत हे ठरवून दिलं. 'सकाळ' सात नव्या पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पानं द्यायचा. हुकमाप्रमाणे त्या किमतीत २४ च देता आली असती. नानासाहेब परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याबरोबर 'सकाळ'च्या वाचकांनीही अर्ज केले होते, आमची पानं का कापता म्हणून! न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाने तो कायदा रद्द झाला. पानासाठी भांडायला वाचक दिल्लीपर्यंत जातो, हे मला अजून पुण्याशिवाय कुठलं वाटत नाही.

दुसरी गोष्ट इवलीशी, छोट्या जाहिरातींतली. आणीबाणी लागली, सेन्सॉर बसला. आणि २८ जून १९७५ च्या मुंबई टाइम्समध्ये निधनवार्तांच्या रकान्यात एक नोंद आली. मयताचं नाव 'डी'ऑक्रसी, डी. ई. एम.' पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी, भावंडं फेथ, होप आणि जस्टिस. निधन २६ जून. मोठ्याने वाचा म्हणजे कळेल : लोकशाही गेली, मागे सत्य आणि स्वातंत्र्य. एका तरुण पत्रकाराने खिडकीवर पैसे भरून ती दिली होती.

मी जेव्हा जेव्हा ही नोंद आठवते तेव्हा त्या रात्री निधनवार्ता तपासणाऱ्या मुद्रितशोधकाचा विचार करते. निधनवार्तेत आम्ही फक्त नावं बघतो. गोव्याच्या, वसईच्या ख्रिस्ती नावांत अशी आद्याक्षरं नेहमीचीच. त्याला खरंच कळलं नसेल? की कळलं, आणि त्याने टिचकी मारून पान पुढे सोडलं? मला दुसरं असावंसं वाटतं, पण तो माझा जातभाई म्हणून. आणि बघा, १८९७ मध्ये 'जस्टिस' याच पेपरात सही करून टिळकांच्या मागे लागला होता, ७८ वर्षांनी तो तिथेच दुखवट्यात उभा राहिला.

बाकी अग्रलेखांचं म्हणाल तर त्या काळात बहुतेकांनी माना खाली घातल्या, म्हातारीनेही. १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, कंपनी जैनांकडे परत गेली. शांतिप्रसादांचे चिरंजीव अशोक जैन आले, त्यांच्यामागून समीर आणि विनीत. पुढचं तुम्ही पाहिलेलंच आहे : किंमत उतरली, पानं वाढली, पहिल्या पानाला जाहिरातीचा अंगरखा आला. आमच्या गिरगावातला रद्दीवाला टाइम्सचा गठ्ठा दिसला की खूश व्हायचा, मराठी पेपर काट्यावर टाकताना सुस्कारा सोडायचा.

---

प्रश्न : आमच्या गावचं दैनिक विकलं गेलं अशी कुजबुज आहे. पेपरवाले कबूल करत नाहीत. खरं कसं शोधावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कबूल करायची गरजच नसते, छापावं लागतं. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण अंकावर घालणं सक्तीचं केलं. तो कायदा इंग्रजांनी आपल्यावर नजर ठेवायला आणला आणि २०२३ चा नवा कायदा येईपर्यंत दीडशे वर्षं चालला. नंतर मालक आणि संपादकाचं नावही त्यात आलं. १९५६ च्या नियमांनी आणखी एक सोय केली. फेब्रुवारी संपला की पुढच्या अंकात 'फॉर्म नं. ४ (नियम ८ पहा)' असा चौकोन यायचा : प्रकाशन स्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं-पत्ते. अगदी बारीक टाइपात, शक्यतो टेंडर नोटिसांच्या शेजारी. वाचनालयात जा, गेल्या दहा वर्षांचे मार्चचे पहिले अंक मागा आणि चौकोन एकाखाली एक ठेवा. नाव कुठल्या वर्षी बदललं ते दिसेल. कंपनीच्या मागे दुसरी कंपनी असेल तर धागा लांबतो, तरी सुरुवात तिथूनच करावी.

आमच्या दैनिकाची गोष्ट सांगते, नाव विचारू नका. वर्षभर कुजबुज चालली होती. पगार उशिरा होऊ लागले होते, कँटीनचा चहा पातळ झाला होता. विचारलं की उत्तर एकच : "तुम्ही काना-मात्रा बघा." एके रात्री साडेअकराला शेवटच्या पानाचं प्रूफ आलं. डाक आवृत्ती सुटलेली, शहर आवृत्ती बाकी. खेळाची बातमी वाचली, हवामान वाचलं, आणि सवयीने खाली आले तर ओळीत नाव वेगळं. ना सभा, ना नोटीस, ना पेढे. शंभर-सव्वाशे माणसांच्या त्या कचेरीत नवा मालक कळलेली बहुधा मी आणि पान लावणारा मुलगा, एवढीच दोघं.

आडनाव अपरिचित होतं. शेवटचं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, हे विचारावं असं कुणी त्या वेळी मजल्यावर नव्हतं. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं, खाली सही केली आणि पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी अंकात ते दीर्घ आलं होतं. व्यवस्थापक काही जिना उतरून खाली आले नाहीत. तेही आदल्या दिवशीच बदलले होते.